पेटी उघडण्याआधी विचारायचा प्रश्न

तुमच्या आईच्या माहेरी कुणाचं रक्त लवकर थांबत नसे का, हे तुम्हाला माहीत आहे? बापाच्या घराण्यातला पणजोबा कुठल्या गावचा, कुणाशी भांडला, कुठे पुरला, हे सगळं तुम्ही सांगाल. पण आईच्या भावांपैकी कोण लहानपणीच गेलं आणि कशाने गेलं, हे कधी विचारलंय? मीही विचारलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची होते, कायद्याच्या पहिल्या वर्षाला होते, जगातल्या प्रत्येक अन्यायावर माझ्याकडे एक पत्रक तयार असायचं, आणि समोर बसून भाकऱ्या थापणाऱ्या आईला हा एक प्रश्न विचारावा, हे मला सुचलं नव्हतं.

पत्रकांचं आधी सांगते. आमचं घर शिवडीला, गोदामांच्या मागच्या चाळीत, दोन खोल्यांचं. अब्बा गिरगावातल्या एका छापखान्यात मशीनवर होते. छपाई सुरू करताना शाई आणि रंग जुळेपर्यंतचे पहिले शंभर-दीडशे कागद बिघडलेले निघतात. ते कागद रद्दीत जायच्या आधी अब्बा त्यातला गठ्ठा घरी आणायचे. फळीवर तेच अंथरलेले, डब्यांच्या तळाशी तेच, माझ्या वह्यांना कव्हरही तेच. गिरणी कामगारांच्या घरांची मागणी, पाणीकपातीविरुद्ध मोर्चा, रक्तदान शिबिर, निवडणुकीतली आश्वासनं, अंधश्रद्धेवरचे इशारे, असल्या मजकुरावर मी वाचायला शिकले. लाल रंग रेषेबाहेर गेलेला, अक्षरांना दुहेरी सावली पडलेली. त्यामुळे मी बोलायला लागले तीसुद्धा जाहीर आवाहनाच्या सुरात. कालवणात मीठ कमी असलं की मी ताटावरून उठून म्हणायचे, "या घरातील जेवणाऱ्यांच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत." आणि दादा, म्हणजे माझे आजोबा, हसत म्हणायचे, "आली बघा पुढारीण. हिला आधी भाकरी वाढा गो, मागण्या मग ऐकू."

दादा खलिफा होते. आमच्यात केस कापणाऱ्याला मानाने खलिफा म्हणतात, आणि मुलांची सुंता करण्याचं कामही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच हातात असतं. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून दादा मुंबईत आले ते हे दोन्ही हुन्नर घेऊन. गोदामांच्या रस्त्याला त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं. ट्रकवाले, बंदरातले हमाल, कोळीवाड्यातली मंडळी, सगळे तिथे बसायचे. आठवडाभर ते दाढ्या करायचे आणि रविवारी सागवानी पेटी घेऊन कुणाच्या ना कुणाच्या घरी जायचे. त्या पेटीला पितळी कडी होती. मी जाणती होईपर्यंत दादांनी जुना वस्तरा बाजूला ठेवून दर वेळी नवं पातं वापरायला सुरुवात केली होती. जखमेवर राख लावणं सोडून औषधाच्या दुकानातला कापूस घेतला होता. बाकीची हत्यारं अम्मी एका वेगळ्या पातेल्यात उकळून द्यायची. आमच्याकडे रविवार उजाडायचा तो त्या पातेल्यातल्या खुळखुळाटाने. दुपारी ज्या घरचं काम असेल तिथून झाकलेलं ताट यायचं. त्यात वाफवलेली पांढरी सांदणं आणि खिमा. सांदण नारळाच्या दुधात बुडवून खाताना मला कुणा पोराच्या रडण्याची आठवण कधीच झाली नाही, हे कबूल करते. रस्त्यातून चालताना मिशीवाले, दंड फुगवलेले बाप्ये दादांना बघून कोवळे व्हायचे, नजर खाली घालून सलाम करायचे. दादा हळूच मला म्हणायचे, "या गल्लीत मला न घाबरलेला एकपण पुरुष नाही."

अशा खलिफाच्या घरात सहा वर्षांचा नातू सुंतेवाचून होता. माझा भाऊ रेहान. मी तेरा वर्षांची असताना झालेला, म्हणून सगळ्यांचा लाडका. त्याचा विषय निघाला की अम्मीकडे काहीतरी कारण असायचंच. आता त्याला खोकला आहे. आता माझी तब्येत बरी नाही. आता उन्हाळा फार आहे. रमजाननंतर बघू. दादा गप्प बसायचे, पण दुकानात लोक टोमणे मारायचे: "खलिफा, दुनियेची पोरं उरकलीत, घरचं काम उधारीवर?" मला वाटायचं, अम्मी मनातून माझ्यासारखीच आहे, सुधारक आहे. एकदा रेहानचा दुधाचा दात पडला तेव्हा ती दुपारभर त्याला मांडीवर घेऊन बर्फाचा खडा हिरडीला लावून बसली होती. तिच्या पदरावर लाल डाग वाढत होता. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, नाजूक आहे पोरगं." त्याचे गुडघे नेहमी निळे असायचे. मी सगळं बघत होते आणि काहीच बघत नव्हते.

त्याच सुमारास कुठल्याशा कोर्टात कुणीतरी अर्ज केला की मुलांची धार्मिक सुंता हा गुन्हा ठरवावा. टीव्हीवर रोज संध्याकाळी आरडाओरडा. एक डॉक्टर म्हणायचे, फायदे आहेत. दुसरे म्हणायचे, निरोगी मुलाला कापायचं कारणच काय. एक वकील धर्मस्वातंत्र्य सांगायचे, दुसरे मुलाचा त्याच्या शरीरावरचा हक्क. त्यांच्यात कुणाच्याही मांडीवर मूल नव्हतं. मला मात्र वाटलं, हा तर माझ्याच घरचा खटला. मी एकाच बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता: बाळाला विचारलंत का? खाली लिहिलं, की बोथट वस्तऱ्याने आणि अडाणी हातांनी बालकांवर होणारा हा अत्याचार थांबवा, मुलगा अठरा वर्षांचा होऊ द्या, मग त्याचं तो ठरवेल. अब्बांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मथळा चांगला आहे. बापाला काय तोंड दाखवू ते सांग." तरीही त्यांनी काम सुटल्यावर मालकाच्या परवानगीने दोनशे प्रती काढून दिल्या. मी त्या परळपासून डिलाईल रोडपर्यंत स्वतः वाटल्या. खाली माझं पूर्ण नाव होतं. नाव लपवून पत्रक काढणं मला भेकडपणाचं वाटायचं, अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी पत्रक दादांच्या हातात होतं. दुकान रिकामं होतं. त्यांनी मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, चष्मा लावला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं.

"हे अडाणी हात कुणाचे गो?"

"तुमचे नाही, दादा. मी एकूण व्यवस्थेबद्दल लिहिलंय."

"व्यवस्थेला हात नसतात. शिवडीत सुंता करणारे हात दोनच. ते हे." त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. कातड्याच्या पट्ट्यावर वस्तरे लावून लावून उजव्या अंगठ्याला घट्टा पडलेला होता. "आणि बोथट? माझं हत्यार बोथट तू कधी बघितलंस?"

मी हट्टाने म्हणाले, "पण पोराला विचारत नाही ना तुम्ही?"

त्यांनी चष्मा काढला. "नाही विचारत. ते तू बरोबर लिहिलंस. ते खोडू नको. बोथट तेवढं काढ."

मी पुढे पुष्कळ संपादक पाहिले. इतका न्यायी एकही पाहिला नाही.

पण पत्रक माझ्या हातातून सुटलं होतं. लालबागच्या एका नाक्यावर काही टारगटांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, "बघा, त्यांचीच पोरगी सांगते" म्हणत हसले आणि तिथून जाणाऱ्या दोन मुलांच्या टोप्या उडवल्या. मी हे लिहिलं होतं मुलांच्या बाजूने, आणि त्याच कागदामुळे दोन मुलांच्या डोक्यावरच्या टोप्या उडाल्या. शेजारच्या पेडणेकर काकू मला म्हणाल्या, "गो बाय, तुज्या कागदान नळार भांडण लावल्यान. लिव, पन कोणाच्या हातात देतंस ता बघ." इकडे दादांची खुर्ची ओस पडली. शेवटी जमातीचे, म्हणजे आमच्या मशिदीच्या पंचायतीचे, सेक्रेटरी हाजीसाहेब घरी आले. वाईट माणूस नव्हता, चाळीतल्या प्रत्येक मयतीला पहिला खांदा त्यांचा असे. पण त्या दिवशी उंबऱ्यातूनच बोलले, "खलिफा, पोरीने लिहिलं ते लिहिलं. आता लोक म्हणतात, तुमच्याच घरचा पोरगा राहिलाय, म्हणजे घरच फिरलंय. येत्या इतवारी उरकून टाका. नाही तर कोणत्या तोंडाने तुम्हाला घरी बोलवायचं?"

दादांनी होकाराची मान हलवली. आत अम्मीच्या हातातलं भांडं पडलं.

रविवारी सकाळी पातेलं उकळत होतं. सांदणांची वाफ दोन्ही खोल्यांत भरली होती. रेहानला हिरवा कुर्ता घातला होता, गळ्यात मोगऱ्याचा हार, हातात नवी मोटार. तो ती भिंतीवरून फिरवत होता. बाहेरच्या खोलीत दहा-बारा बाप्ये, मध्ये हाजीसाहेब. आतल्या खोलीच्या दारात नेहमीचा निळा पडदा, त्यामागे बायका. मी दाराला टेकून उभी होते आणि माझ्या भावावर होणारं हे सगळं माझ्यामुळे घाईने होत होतं. मी आदल्या दिवशी भांडले होते, रडले होते, एक मागणीपत्रसुद्धा लिहिलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं.

दादांनी कोपरापर्यंत हात धुतले. पेटी मांडीवर घेतली. आणि मग, कडीला हात लावायच्या आधी, ते प्रत्येक घरी विचारत तेच त्यांनी स्वतःच्या मुलाला विचारलं. "पोराला ताप आहे?" अब्बा म्हणाले, "नाही." "काही औषध चालू?" "नाही." "घराण्यात कुणाचं रक्त थांबत नाही, असं?" अब्बा सवयीने म्हणाले, "नाही." दादांचा हात कडीवर गेला.

"आहे."

आवाज पडद्यामागून आला. अम्मी लग्न होऊन आली तेव्हापासून सासऱ्यासमोर तिने आवाज चढवला नव्हता. आत्ताही चढवला नाही. पण खोलीतला प्रत्येक माणूस पडद्याकडे वळला. पडदा बाजूला झाला आणि ती बाहेर आली, डोक्यावरचा पदर एका हाताने धरून. "माझ्या घराण्यात आहे. माझा भाऊ युसूफ त्याने गेला. सात वर्षांचा होता. सुंतेनंतर तीन दिवस रक्त वाहत होतं. कॉफी लावली, राख लावली, कोळिष्टकं लावली. माझ्या मावशीचा मुलगाही तसाच गेला. आईने शपथ घातली, सासरी बोलू नको, धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची नाहीत. रेहानचा दात पडला तेव्हा मला कळलं."

दादा तिच्याकडे बघत होते. "इतकी वर्षं का नाही सांगितलंस, बेटी?"

"कुणी विचारलंच नाही. तुम्ही नेहमी यांना विचारता."

आज मी कोर्टात उभी राहते. भल्याभल्यांचे युक्तिवाद ऐकले आहेत. या दोन वाक्यांपुढे टिकेल असा एकही नाही. दादांच्या चेहऱ्यावरून मी नजर हलवू शकले नाही. उघडायला म्हणून कडीवर ठेवलेला हात त्यांनी तसाच उचलला आणि पेटी मांडीवरून खाली ठेवली.

हाजीसाहेब चुळबुळले. "खलिफा, लोक जमलेत. बाईमाणसाच्या बोलण्यावर..."

"हाजीसाहेब," दादा म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं हा प्रश्न विचारतोय. खरं उत्तर आज पहिल्यांदा मिळालं. जेवून घ्या, सांदणं गार होतायत."

रेहानने विचारलं, "मोटार परत द्यायची का?" आणि सगळ्यांत आधी हाजीसाहेब हसले.

स्वतःच्या घरातही दादांनी तो प्रश्न गाळला नाही, याचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे. घाई होती, इज्जत पणाला लागली होती, उत्तर ठाऊक आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी तो गाळला असता तर अम्मीला बोलायला जागाच राहिली नसती.

सोमवारी आम्ही परळच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. बाकावर बसल्यावर दादांनी मला जे सांगितलं ते त्यांनी अब्बांनाही कधी सांगितलं नव्हतं. तरुणपणी एका घरी त्यांच्या हातून सुंता झालेल्या मुलाचं रक्त थांबेना. दादांनी त्याला खांद्यावर टाकून इस्पितळात धाव घेतली. पोरगा वाचला. तेव्हापासून ते हा प्रश्न विचारू लागले. "पण विचारायचो बापाला," ते म्हणाले. "समोर तोच असायचा ना."

तपासणीचा कागद आला तेव्हा डॉक्टरबाईंनी आम्हाला नीट बसवून सांगितलं. रेहानच्या रक्तात ते गोठवणारा एक घटक कमी होता. हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला सहसा त्रास होत नाही. त्याची इंजेक्शनं असतात, जपलं तर मुलगा शिकेल, खेळेल, मोठा होईल. घरात कापलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही. अम्मीला ते माहीत होतं. शेवटी त्यांनी दादांना विचारलं, "आजोबा, तुम्ही काय काम करता?"

"मी सुंता करतो."

बाईंचं पेन थांबलं. दादांनी खिशातून एक कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. "या तपासणीचं नाव मराठीत लिहून द्या. मोठ्या अक्षरात. मला लोकांना दाखवायचंय."

त्या शुक्रवारी नमाजानंतर दादा जमातीपुढे उभे राहिले. मी तिथे नव्हते, अब्बांनी सांगितलं तेच लिहिते. दादा म्हणाले, "माझा नातू आहे तसा राहील आणि तो मुसलमान आहे. ज्याला शंका असेल त्याने आता बोलावं." कुणी बोललं नाही. मग नमाज पढवणारे पेशइमाम उठले. जिवाला धोका असेल तिथे सक्ती नाही, आणि हे लोकांना सांगायला आपणच कमी पडलो, असं त्यांनी सर्वांसमोर कबूल केलं. दादांनी पुढे जाहीर केलं की यापुढे आईशी बोलल्याशिवाय आणि तपासणीचा कागद बघितल्याशिवाय ते पेटी उघडणार नाहीत, आणि शक्यतो सगळ्यांनी डॉक्टरकडेच जावं. म्हणजे आपल्याच हाताने त्यांनी आपला रविवार मोडला. काही महिन्यांनी सुनेची तपासणी कुठे करायची, असं विचारणारी पहिली चिठ्ठी आली ती हाजीसाहेबांच्या घरून.

कोर्टातल्या त्या अर्जाच्या बाजूचे एक वकीलही आमच्याकडे आले. जाडजूड फाईल, गोड बोलणं. खलिफा स्वतःच धोका सांगतोय, यापेक्षा मोठा पुरावा कोणता, आणि माझं पत्रकही सोबत जोडू, फक्त माझी सही हवी, असं म्हणाले. दादांनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुमच्या एवढ्या कागदांत आईला विचारा असं कुठे लिहिलंय?" त्यांनी पानं उलटली. बराच वेळ उलटली. अम्मीने त्यांना चहा दिला आणि मी सही दिली नाही. नाक्यावर उडवलेल्या टोप्या मला दिसत होत्या. पोरं वाचवायला निघालेला माणूस आधी पोरांच्या घरात बसतो, हे मला त्या आठवड्यात कळलं होतं.

माझं मत बदललं का? अर्धं. निरोगी मुलाच्या शरीराबद्दल त्या मुलाला विचारावं, हे मी आजही म्हणते आणि दादा शेवटपर्यंत माझ्याशी असहमत राहिले. आम्ही भाकरी खाता खाता भांडायचो. पण दुसरं पत्रक आम्ही मिळून लिहिलं. दादांनी सांगितलं, मी उतरवलं, आणि मथळ्याला अम्मीचं वाक्य घेतलं: कुणी विचारलंच नाही. अब्बांनी ते छापलं आणि पहिल्यांदाच आमच्या घरी चांगले कागद आले. रंग रेषेच्या आत, अक्षरांना सावली नाही. अम्मीने त्यातला एक कागद फळीवर अंथरला नाही, भिंतीवर लावला.

रेहान आज माटुंग्याच्या एका शाळेत गणित शिकवतो. तो अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी दादांनी त्याला दुकानातल्या खुर्चीत बसवलं, त्याची पहिली दाढी केली आणि म्हणाले, "इस्पितळात आता सगळी सोय आहे. तुझ्या बहिणीने लिहिलं होतं, पोराला विचारा. विचारतो. तुझं तू सांग." रेहानने काय उत्तर दिलं ते मला माहीत आहे आणि ते मी लिहिणार नाही. तो त्याचा प्रश्न होता. दादांना तो प्रश्न विचारताना मी दारात उभी राहून ऐकलं, मला तेवढंच पुरे आहे. मी खलिफाची नात आहे. कुणी विचारलं तर मी पहिलं हेच सांगते.

आता तुमचं काम. हे पान मिटा आणि आईला फोन करा. आई नसेल तर मावशीला, मामीला, गावाकडच्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला करा. त्यांना विचारा, आपल्यात लहानपणी कोण गेलं, कशाने गेलं, कुणाचं रक्त थांबत नव्हतं का. उत्तर हो असेल तर घरातल्या मुलाला दात काढायला, कान टोचायला, सुंतेला, कशालाही नेण्याआधी त्याचं रक्त तपासून घ्या. तुमचा धर्म कुठलाही असो. आणि विचारल्यावर मध्ये बोलू नका. पडद्यामागून उत्तर यायला वेळ लागतो.